दप्तर, मक्ता आणि चावडी

१

राज्यसंस्था म्हणजे काय, या प्रश्नाला राज्यशास्त्राच्या ग्रंथांत अनेक उत्तरे दिलेली आहेत. सामान्य माणसाला त्यांपैकी एकच उत्तर अनुभवाने ठाऊक असते. त्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे सरकारचा कागद. जमीन आपली आहे असे कागद म्हणत असेल तरच ती आपली. आपण साठ वर्षांचे झालो हे आपल्या गुडघ्यांना कळले तरी कागदाला कळेपर्यंत त्याचा उपयोग नाही. म्हणून राज्याचा इतिहास लढायांतून जितका समजतो तितकाच तो दप्तरांतून समजतो. आणि दप्तर कोणी लिहिले, कोणाच्या घरी ठेवले, ते कोणाला वाचता येत होते, हे प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने गौण मानू नयेत.

आज हे दप्तर कागदावर उरलेले नाही. जमिनीचे उतारे, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन, कर, जन्म आणि मृत्यू यांच्या नोंदी संगणकात गेल्या, आणि गेल्या दहापंधरा वर्षांत त्यांतील पुष्कळशा ज्याला ‘क्लाउड’ म्हणतात तेथे जाऊन बसल्या. या शब्दाने कोणी फसू नये. ढगात काही नसते. विजेचा व थंड हवेचा अखंड पुरवठा असलेल्या भक्कम इमारतींतून यंत्रांच्या रांगा उभ्या असतात, आणि त्यांची शक्ती लागेल तेवढी, लागेल तितका वेळ, भाड्याने घेता येते. भाड्याची ही व्यवस्था म्हणजेच क्लाउड. काही इमारती सरकारच्या मालकीच्या, बऱ्याच खाजगी कंपन्यांच्या.

या इमारतींत माहिती आणून भरण्याचे काम जो करतो त्याला डेटा अभियंता म्हणतात. सरकारी कामावर असलेला हा अभियंता बहुधा सरकारचा नोकर नसतो. तो कंत्राटदाराचा, नाही तर कंत्राटदाराच्या पोटकंत्राटदाराचा माणूस असतो. सहा महिने, वर्ष, फार तर दोन वर्षे तो त्या कामावर राहतो. त्याचे काम आपल्या स्वयंपाकघरातील निवडणे-पाखडण्यासारखे आहे. जुन्या साठ्यातून माहिती काढायची, खडे वेचायचे, एका मापाची धान्ये एका डब्यात यावीत अशी व्यवस्था करायची, आणि हे रोज रात्री आपोआप होत राहील अशी योजना लिहून ठेवायची. हे ऐकताना यांत्रिक वाटते; पण तसे ते नाही. एका रकान्यात जन्मतारीख नाही, तर तेथे काय धरायचे? उत्पन्नाचा रकाना कोरा आहे, तर उत्पन्न शून्य समजायचे की अज्ञात? दोन नोंदींत नाव एक व वडिलांचे नाव थोडे निराळे, तर माणूस एक की दोन? अशा शेकडो प्रश्नांची उत्तरे अभियंत्याला द्यावी लागतात, आणि त्यांतील एखाद्या उत्तराने कोणा विधवेचे वेतन बंद पडते. कायदा विधिमंडळात होतो हे खरे; परंतु कोऱ्या रकान्याचा कायदा कंत्राटावरचा माणूस करतो.

सरकारचे लेखन मक्त्याने देण्याची ही चाल नवी आहे काय? नाही. तिचा इतिहास आपल्या दाराशीच सुरू होतो.

२

‘दप्तर’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीकांकडून. मूळ अर्थ कातडे. ‘फडणीस’ आणि ‘चिटणीस’ यांतील ‘नीस’ म्हणजे लिहिणारा, तोही फारसीच. ‘मक्ता’ अरबीतून आला. राज्यकारभाराची ही तीन अंगे, म्हणजे लेख, लेखक आणि ठेका, एकाच वाटेने मराठीत आली आणि एकाच घरात नांदू लागली.

पेशव्यांचे हुजूर दप्तर हा आपल्या इतिहासातला लेखनव्यवस्थेचा सर्वांत मोठा प्रयोग. त्याचे दोन मुख्य विभाग होते: चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर. चालत्या दप्तरात रोजचे व्यवहार लिहिले जात. एकबेरीज दप्तर पुण्यात कायम असे. सर्व खात्यांचे हिशोब तेथे येत, त्यांची वर्गवारी होई, आणि जमा, खर्च व शिल्लक दाखविणारे गोषवारे तयार होत. या गोषवाऱ्यांना तर्जुमा म्हणत. निरनिराळ्या हातांनी लिहिलेली, निरनिराळ्या परगण्यांतून आलेली माहिती एका साच्यात बसवून कारभाऱ्यापुढे ठेवणे हे या कारकुनांचे काम होते. आजचा डेटा अभियंता याहून निराळे काय करतो? नाना फडणिसांनी ही व्यवस्था कसोशीने सांभाळली. दोनशेहून अधिक कारकून त्या दप्तरात राबत. परगण्याच्या कमाविसदाराने पाठविलेला हिशोब हुजुरात तपासला जाईल, त्यातली खोट काढणारा माणूस तेथे बसलेला आहे, ही जाणीव हे त्या कारभाराचे खरे बळ होते.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात हे उलटले. महाल मक्त्याने देण्याचा प्रघात पडला. जो अधिक बोली बोलेल त्याला मामलत. हाच काळ दप्तराच्या अवनतीचा. कारकुनांचा ताफा जवळजवळ मोडला, कागदपत्र अस्ताव्यस्त झाले, ज्याला हवे त्याने ते उचलून न्यावे अशी अवस्था आली. या दोन गोष्टींचा संबंध नीट पाहिला पाहिजे. मक्तेदारी वाईट होतीच; पण तिला निरंकुश केले ते तपासणाऱ्या दप्तराच्या अभावाने. मक्तेदाराने रयतेकडून किती घेतले हे वाचणारा हुजुरात कोणी उरला नाही. १८१८ साली पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी हे कागद गोळा करून लावले. त्यांसाठी पुण्यात १८९१ साली इमारत उभी राहिली, आणि त्याच कागदांतून पुढे १९३० नंतरच्या काही वर्षांत सरदेसायांच्या संपादकत्वाखाली निवडक पेशवे दप्तराचे ४५ खंड निघाले.

राजधानीत हुजूर दप्तर, तसे गावात कुलकर्ण्याचे दप्तर. ते लिहिलेले असे मोडीत आणि राहत असे कुलकर्ण्याच्या घरी. वतन वंशपरंपरेचे असल्यामुळे दप्तरही वंशपरंपरेने चाले. सरकार बदलले तरी कुलकर्णी बदलत नसे, कारण कोणते शेत कोणाचे, कोणाकडे किती बाकी, हे त्याच्यावाचून नव्या सरकारला कळत नसे. कुलकर्ण्यांत भले लोक पुष्कळ होते. पण ज्याचे नाव दप्तरात लिहिले आहे त्याला ते वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येते त्याला विचारणारा कोणी नाही, या रचनेतच अन्यायाची सोय होती. जोतीराव फुल्यांनी या लेखणीवर आसूड ओढला तो याच कारणाने. १८७५ साली सुप्याला शेतकरी उठले तेव्हा त्यांचा राग सावकारांच्या जिवावर नव्हता. त्यांनी सावकारांचे खतपत्र आणि वह्या हुडकून जाळल्या. वाचता न येणाऱ्या लेखाशी वाद घालण्याचा तेवढाच मार्ग त्यांना दिसला. पुढे शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात १९१८ साली कुलकर्णी वतने काढून पगारी तलाठी नेमले, आणि १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील ही वतने संपली. दप्तर घरातून चावडीत आले.

३

लेखनाचा मक्ता यंत्राच्या रूपाने प्रथम अवतरला तो अमेरिकेत, खानेसुमारीच्या निमित्ताने. तेथील घटनेप्रमाणे दर दहा वर्षांनी शिरगणती करावीच लागते, कारण प्रतिनिधींच्या जागा तिच्यावर ठरतात. १८८० च्या खानेसुमारीचे आकडे हातांनी लावता लावता बहुतेक दशक संपत आले. त्या कामावर हर्मन हॉलरिथ नावाचा एक तरुण अभियंता होता. जॉन शॉ बिलिंग्ज या वैद्याने, हे काम यंत्राने व्हावयास हवे, अशी कल्पना त्याच्यापुढे काढली आणि ती त्याने मनावर घेतली.

हॉलरिथची युक्ती साधी होती. दर माणशी एक कार्ड. त्याचे वय, लिंग, वर्ण, व्यवसाय यांप्रमाणे कार्डाला ठरावीक जागी भोके. कार्ड यंत्रात ठेवून वरून बारीक टाचण्यांची फणी दाबली की भोक असेल तेथे टाचणी खालच्या पाऱ्याच्या वाटीत बुडे, वीज वाहे आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरके. १८८९ साली स्पर्धा झाली. हाताने काम करण्याच्या दोन पद्धती आणि हॉलरिथची यंत्रे यांत यंत्रे जिंकली. १८९० च्या खानेसुमारीचे काम त्याला मिळाले. अमेरिकेची लोकसंख्या त्या वर्षी ६,२६,२२,२५० ठरली आणि एकूण मोजदाद पूर्वीच्या मानाने फारच लवकर पुरी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हॉलरिथने यंत्रे विकली नाहीत. ती त्याने भाड्याने दिली. यंत्राची मालकी, दुरुस्ती आणि ज्ञान त्याच्याकडे; सरकारकडे फक्त उत्तर. १८९६ साली त्याने कंपनी काढली आणि १९०० च्या खानेसुमारीतही तिचीच यंत्रे फिरली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तोपर्यंत अमेरिकेत खानेसुमारीची कायम कचेरीच नव्हती. दर दहा वर्षांनी कचेरी उभारायची, हजारो कारकून भरायचे, काम आटोपले की सर्वांना रजा द्यायची. कंत्राटदार मात्र एकच राहिला. याचा अर्थ असा की सरकारला दर वेळी विसर पडे आणि कंपनीला तेवढे सगळे आठवे. सरकारच्या कामाची स्मृती सरकारबाहेर जमा होत गेली.

१९०२ साली कायम कचेरी स्थापन झाली आणि चित्र बदलले. पुढच्या वर्षी नॉर्थ नावाचे गृहस्थ संचालक झाले. त्यांनी भाड्याचा हिशोब काढला आणि तो अवाच्या सवा आहे असे ठरविले. हॉलरिथ दर उतरवीना. १९०५ साली कचेरीने त्याची यंत्रे सोडली, काँग्रेसकडून प्रयोगांसाठी ४०,००० डॉलर घेतले आणि स्वतःच्या कारखान्यात यंत्रे बनविण्यास घेतली. त्या कामासाठी जेम्स पॉवर्स या कारागिराला आणले गेले. १९१० च्या खानेसुमारीत कचेरीच्या यंत्रांनी काम केले. हॉलरिथने न्यायालयात धाव घेतली, पण त्याला यश आले नाही.

सरकारचा हा विजय निर्भेळ मात्र नव्हता. पॉवर्सला त्याने लावलेल्या शोधांचे हक्क स्वतःकडे ठेवू दिले होते. त्यांच्या बळावर त्याने बाहेर पडून १९११ साली स्वतःची कंपनी काढली. ती पुढे रेमिंग्टन रँडमध्ये मिळाली. हॉलरिथची कंपनी दुसऱ्या दोघीतिघींत मिसळून १९२४ साली आय.बी.एम. झाली. आणि १९५१ साली अमेरिकेच्या खानेसुमारी कचेरीने आपला पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक, युनिव्हॅक, घेतला तो रेमिंग्टन रँडकडून! जो शोध सरकारी छपराखाली वाढला त्याच्याच वंशाकडे सरकार पुन्हा गिऱ्हाईक म्हणून गेले. तरीही १९०५ चा धडा खोटा ठरत नाही. घासाघीस करता आली ती कचेरी कायम झाल्यानंतर, म्हणजे यंत्र कसे चालते, त्यात काय चुकते आणि त्याची योग्य किंमत काय, हे समजणारी माणसे पगारावर टिकल्यानंतर. कंत्राटदाराशी बोलणी करण्याची पात्रता कंत्राटाच्या कागदात नसते. ती कचेरीतल्या जाणकारांत असते.

४

हॉलरिथची भाड्याची रीत आय.बी.एम.ने जगभर नेली. भारतातही सरकारी खाती, रेल्वे आणि मोठे कारखाने त्यांची यंत्रे भाड्याने घेत, आणि पुढारलेल्या देशांत जुनी झालेली यंत्रे येथे दुरुस्त करून दिली जातात, हा आक्षेप संसदेपर्यंत गेला. १९७३ च्या परकीय चलन कायद्याने परदेशी कंपन्यांना येथील भागीदारी घटविण्यास सांगितले; आय.बी.एम.ने ते मान्य केले नाही आणि १९७८ साली ती देशातून गेली.

यंत्रे येथेच राहिली. जाणारे गेले ते त्यांचे जाणकार. या प्रसंगी उपयोगी पडली ती सरकारने थोडी आधीच उभारलेली संगणक-दुरुस्तीची कंपनी, सी.एम.सी. आय.बी.एम.कडील पुष्कळ अनुभवी माणसे तिच्यात आली आणि तिने ही यंत्रे चालती ठेवली. इतरांची यंत्रे दुरुस्त करता करता ती स्वतः मोठी कामे करण्यास शिकली. रेल्वेचे संगणकीय आरक्षण दिल्लीत सुरू झाले ते तिच्या हातून. १९७६ साली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र, म्हणजे एन.आय.सी., स्थापन झाले आणि जिल्ह्याजिल्ह्यांत सरकारचे स्वतःचे संगणकतज्ज्ञ बसू लागले. १९७८ साली देश अडला नाही याचे कारण एवढेच, की वाचू शकणारी माणसे त्याच्यापाशी होती. सी.एम.सी. मात्र २००१ साली सरकारने टाटांना विकली. हा निर्णय बरा की वाईट, हा येथे प्रश्न नाही. जे शहाणपण एका प्रसंगाने सरकारला मिळवून दिले ते दुसऱ्या प्रसंगी सरकारने बाजारात ठेवले, एवढीच नोंद करून पुढे जाऊ.

याच सुमारास इंग्लंडमध्ये उलट दिशेचा प्रयोग चालू होता. १९९४ साली तेथील प्राप्तिकर खात्याने आपले संगणकाचे सगळे काम ई.डी.एस. या कंपनीला दहा वर्षांच्या कराराने दिले. यंत्रे दिली, आणि त्यांच्याबरोबर सुमारे दोन हजार माणसेही दिली. काल जे सरकारचे नोकर होते ते आज त्याच खुर्चीवर बसून कंत्राटदाराचे झाले. २००३ साली कुटुंबांना मदत देणारी नवी योजना सुरू झाली तेव्हा संगणक कोलमडला, लाखो कुटुंबांना पैसे वेळेवर मिळाले नाहीत, आणि नंतर नुकसानभरपाईवरून खाते व कंपनी यांच्यात तंटा झाला. २००४ साली कंत्राट कॅपजेमिनीकडे गेले. मुदत वाढत वाढत ते २०१७ पर्यंत चालले, आणि मार्च २०१४ पर्यंतच त्यावर सुमारे ७९० कोटी पौंड खर्च झाले होते. तेथील लेखापरीक्षकांनी खात्यावर ठेवलेला ठपका असा, की कंत्राटावर देखरेख करण्याइतके कौशल्य खात्यात शिल्लक राहिलेले नव्हते. अखेरीस खात्याने स्वतःची एक कंपनी काढून शेकडो तज्ज्ञ पुन्हा आपल्याकडे घेतले. कुलकर्ण्याचे वतन काढण्यास आपल्याला कायदा करावा लागला. इंग्लंडने वतन आपण होऊन निर्माण केले आणि ते सोडविण्यास त्याला तेवीस वर्षे लागली.

५

२००६ साली ॲमेझॉनने यंत्रशक्ती तासाच्या भावाने विकण्यास आरंभ केला, आणि सरकारांना वाटले की या कोड्याचे उत्तर सापडले. दहा वर्षांचा एक मोठा करार नको. लहान लहान, थोड्या मुदतीचे अनेक करावेत. यंत्रे विकत घेऊ नयेत. अमेरिकेने २०११ साली ‘आधी क्लाउड’ हे धोरण जाहीर केले. ब्रिटनने २०१२ साली क्लाउडच्या सेवांची सरकारी बाजारपेठच उघडली, तिथे खात्यांनी दुकानातून जिन्नस घ्यावा तशी सेवा निवडावी. या सुधारणेने अनेक जुनी वतने मोडली यात संशय नाही. पण मोठा कंत्राटदार गेला म्हणजे जाणकार आला असे होत नाही.

याचा दाखला लवकरच मिळाला. अमेरिकेत आरोग्यविम्याचा नवा कायदा झाला होता, आणि नागरिकांनी विमा निवडावा यासाठी सरकारचे संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडले. नागरिकाने नाव घातले की त्याचे उत्पन्न करखात्याकडून, नागरिकत्व दुसऱ्या खात्याकडून, पात्रता तिसऱ्याकडून तपासून यायची. पन्नासाहून अधिक कंत्राटदार या कामावर होते. पहिल्या दिवशी लाखो लोक आले. विमा घेऊ शकले सहा! चौकशीत निघाले ते इतकेच, की प्रत्येकाचा तुकडा प्रत्येकाला ठाऊक होता, आणि सगळे मिळून काय होते हे पाहणे ज्याचे काम असा अधिकारी कोणी नव्हता. थोड्या जाणत्या अभियंत्यांनी काही आठवड्यांत ते संकेतस्थळ सावरले. त्यातून धडा घेऊन अमेरिकेने २०१४ साली सरकारातच अभियंत्यांची पथके उभारली. २०२५ साली त्यांतील एक पथक बरखास्त झाले व दुसऱ्याचे नाव आणि काम पालटले. विसरण्याची १९०२ पूर्वीची सवय अशी परत येते.

आपल्याकडे ‘मेघराज’ या नावाची राष्ट्रीय क्लाउड-सेवा २०१४ साली सुरू झाली. एन.आय.सी.ची स्वतःची केंद्रे आहेत, त्यांत एक पुण्यात. शिवाय खाजगी कंपन्यांची यादी सरकार तयार करते. त्यांच्या व्यवस्थेची तपासणी होते, माहिती देशाबाहेर नेता येत नाही, आणि करार संपल्यावर सर्व माहिती परत कशी करायची हेही करारात लिहावे लागते. महाराष्ट्राने २०१८ च्या आरंभी असे धोरण जाहीर केले की खात्यांनी नव्या कामांसाठी क्लाउडचा विचार करावा.

मक्ता देऊनही लगाम हाती ठेवता येतो, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. कोट्यवधी बोटांचे ठसे एकमेकांशी ताडून एकच माणूस दोनदा नोंदला गेला नाही ना हे पाहण्याचे काम एका कंपनीला न देता तिघींना दिले, आणि जिचे काम अधिक अचूक तिला अधिक वाटा अशी अट घातली. त्यासाठी अचूकता मोजणारी माणसे सरकारच्या बाजूला असावी लागली, आणि ती होती. त्याच योजनेत नोंदणीचे काम मात्र दर नोंदीमागे पैसे घेणाऱ्या एजन्सींकडे गेले. तेथे घाई झाली, चुका झाल्या, आणि पुढे हजारो नोंदणीकारांना काळ्या यादीत टाकावे लागले. एकाच योजनेच्या दोन टोकांना दोन निकाल लागले. पहिल्या टोकाला मक्तेदाराचे काम वाचले जात होते. दुसऱ्या टोकाला ते फक्त मोजले जात होते.

६

येथवरच्या इतिहासातून सरकारी दप्तराविषयी एक नियम काढता येतो. लेखन मक्त्याने देता येते. वाचन मक्त्याने देता येत नाही. नोंद भरणे, ती एका यंत्रातून दुसऱ्यात नेणे, साठवणे, यांसाठी कोणीही कुशल माणूस चालेल, मग तो सहा महिन्यांच्या कंत्राटावर का असेना. त्याची निष्ठा कमी असते असे मुळीच नाही. पुष्कळदा कचेरीतल्या कायम माणसापेक्षा त्याला कामाची चाड अधिक असते. पण तो जाणार हे ठरलेलेच आहे. तो जाताना कोऱ्या रकान्याचे उत्तर त्याच्या डोक्यातून निघून जावे अशी रचना असेल, तर दोष त्याचा नव्हे. त्याने काय ठरविले हे साध्या भाषेत लिहून घेणारा, ते समजणारा आणि प्रसंगी ‘हे चूक आहे’ असे सांगणारा माणूस खात्यात हवा. पेशव्यांच्या एकबेरीज दप्तरात तो होता. १९०५ च्या खानेसुमारी कचेरीत तो होता. दुसऱ्या बाजीरावाच्या पुण्यात तो नव्हता.

आणि या वाचकांच्या पलीकडे आणखी एक वाचक आहे. महाराष्ट्रातील जमिनीचे सात-बारा उतारे संगणकात गेले, तेव्हा हाताने लिहिलेला उतारा आणि संगणकातला उतारा यांत तफावती निघाल्या. कोठे वारसाचे नाव गळाले, कोठे क्षेत्र जुळेना, कोठे कर्जाचा बोजा फिटूनही तसाच राहिला. चाळीस हजारांहून अधिक गावे आणि कोट्यवधी उतारे; त्यांतली प्रत्येक चूक म्हणजे एखाद्या घरातले भांडण, एखादे अडलेले कर्ज, एखादी कोर्टाची पायरी. तलाठ्यांनी तपासून दुरुस्त्या केल्या. आज्ञावलीत त्यासाठी खास सोय करावी लागली. तरीही शंका उरल्या, तेव्हा २०१७ साली एक जुनी रीत काढण्यात आली. संगणकातले उतारे छापून गावोगाव चावडीवर नेले आणि मोठ्याने वाचले. ज्याचे शेत त्याने ऐकावे आणि चूक असेल तर तेथल्या तेथे सांगावे. हेच ते चावडी-वाचन. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचे उतारे लोकांना मिळू लागले.

या घटनेचे महत्त्व इतिहासाच्या दृष्टीने मोठे आहे असे मला वाटते. यंत्रे कितीही बलाढ्य असोत, शेताचा बांध कोठे आहे आणि मयत भावाला मुलगी होती की नाही, हे त्यांना कळत नाही. ते गावाला कळते. १८७५ साली ज्याला लेख वाचता येत नव्हता त्याने तो जाळला. २०१७ साली त्याच्या पणतूंना तोच लेख वाचून दाखविला गेला आणि त्यांनी तो दुरुस्त केला. या दोन गोष्टींमधले अंतर यंत्राने तोडलेले नाही. ते शाळेने तोडले, वतने काढणाऱ्या कायद्यांनी तोडले, आणि सरकारने आपले लिखाण रयतेपुढे तपासायला ठेवण्याची तयारी दाखविली म्हणून ते तुटले.

एक शंका येथे कोणी काढील. सगळीच माहिती चावडीवर कशी वाचता येईल? कोणाचा आजार, कोणाचे कर्ज, हे चारचौघांत वाचण्याजोगे नसते. हे खरे आहे. जमिनीचा हक्क गावापुढे मांडण्यासारखा असतो. रोग्याची नोंद तशी नसते. पण ज्याची नोंद त्याला तरी ती वाचून दाखविता येईलच. तुमच्याविषयी आम्ही हे लिहून ठेवले आहे, या रकान्याचा अर्थ आम्ही असा धरला आहे, तुमचे वेतन या नियमाने थांबले आहे, इतके त्याला त्याच्या भाषेत सांगण्याचे बंधन प्रत्येक खात्यावर आणि त्याच्या प्रत्येक कंत्राटावर असावे. अशी अट घातली तर दप्तर पुण्याच्या इमारतीत असो वा परक्या कंपनीच्या यंत्रात असो, त्याचे वतन होणार नाही.

आज कोठल्या तरी कचेरीत एखादा तरुण किंवा तरुणी, मुदत संपत आलेल्या कंत्राटावर बसून, लाखो नोंदींचा एखादा साठा जुन्या यंत्रातून नव्यात नेत असेल. त्यांचे नाव कोणत्याही बखरीत येणार नाही; हुजूर दप्तरातील दोनशे कारकुनांचीही नावे आपण कुठे जाणतो? त्या कारकुनांचा लेख दोनशे वर्षांनीही वाचता येतो, कारण तो वाचण्यासाठी लिहिला होता आणि तो तपासला जाणार हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. नव्या दप्तराची कसोटी हीच राहील. त्या तरुणाने काय केले हे त्याच्यामागे येणाऱ्याला वाचता आले पाहिजे, खात्याला वाचता आले पाहिजे, आणि ज्याच्या पोटाचा त्या रकान्याशी संबंध आहे त्यालाही वाचता आले पाहिजे.